पाटीची जमीन

पाट्यांवर लिहिणारे लोक अक्षरांवर लिहितात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेलं वळण, पुणेरी पाट्यांचा खवचटपणा, मुंबईतले जुने सिनेमाचे बॅनर, यावर मराठीत पुष्कळ मजकूर आहे. अक्षराच्या खाली जो रंग असतो त्याच्यावर कोणी चार ओळी खर्च केलेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत. माझे मामा त्या रंगाला ‘जमीन’ म्हणायचे. साडीला जशी जमीन असते तशी पाटीला. अक्षर गिऱ्हाईक बघतं, जमीन पाऊस बघतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी सावंतवाडीत त्यांच्याच हाताखाली पेंटर झालो, आणि या धंद्याचा इतिहास मला विचाराल तर मी जमिनीकडूनच सांगेन. हातानं लिहिलेली अक्षरं गेली, मशीननं कापलेली विनाइलची आली, हे सगळ्यांना दिसलं. त्यामुळे खालचा रंगही मुळापासून बदलावा लागला, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

आमच्या गावाला लाकूड रंगवणं नवं नाही. चितारआळीत पांगाऱ्याची खेळणी, फळं, पाट, चौरंग पिढ्यान्‌पिढ्या रंगतात. गंजिफांचे गोल पत्ते इथलेच. या सगळ्या कामांत रंगापेक्षा रंगाच्या आधीचं काम मोठं. चिंचोक्याची खळ करायची, तिच्यात खडूची भुकटी मिसळायची, ती लाकडावर किंवा कापडावर चढवायची, वाळली की घासून गुळगुळीत करायची. मग रंग, आणि वर लाखेचा हात. घरात ठेवलेला असा चौरंग नातवंडांपर्यंत पोचतो. पण तोच चौरंग अंगणात ठेवला तर पहिल्या मृगातच चिंचोका फुगतो आणि रंग पापुद्र्यानं सुटतो. कोकणात बाहेर टांगायच्या पाटीला चितारआळीची विद्या जशीच्या तशी चालत नव्हती. तिच्यातली एकच वस्तू आम्ही उचलली, चपडा लाख. ती पुढे येईल.

बाहेरच्या पाटीचा रंग तेलाचा. मामांच्या उमेदवारीत डबा उघडला की रंग तयार, असा प्रकार सगळीकडे नव्हता. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, दाट लगद्यासारखा यायचा. तो जवसाच्या तेलात कालवायचा. कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं म्हणून उकळलेलं घ्यायचं. त्याला आम्ही सगळे बेलतेल म्हणतो. पातळ करायला टर्पेंटाइन. पाटी सागवानाची, जुनी, वाळलेली. आधी गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लावायचा, कारण गाठीतला राळेसारखा चीक उन्हानं वितळून रंगातून वर येतो. मग अस्तर, मग लांबी, म्हणजे पुट्टी, मग काचकागद, मग रंगाचे तीन हात, आणि दोन हातांमध्ये नुसती वाट बघणं. पाटीच्या चारही कडा आणि मागची बाजू यांनाही तेवढेच हात. मागची बाजू कोरी ठेवणाऱ्या पोराला मामा पाटी परत सोलायला लावायचे. पाणी समोरून आत शिरत नाही. ते कडेनं, लाकडाच्या उघड्या रेषांमधून शिरतं.

जवसाच्या रंगाला कोकणात एक मोठा शत्रू होता, बुरशी. तेल हे तिचं खाद्यच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास. अशा हवेत पांढरी पाटी श्रावणापर्यंत काळपट ठिपक्यांनी भरायची. त्यावर उतारा म्हणजे शिशाच्या सफेद्यात जस्ताचा सफेदा मिसळणं. जस्त बुरशीला रोखतं, पण जास्त पडलं तर रंग कडक होऊन तडकतो. शिसं रंगाला लवचीक ठेवतं, पण एकटं असलं तर मऊ राहून मळतं. किती कशात घालायचं हे प्रत्येक पेंटर स्वतःपुरतं ठरवायचा आणि सांगायचा नाही. पाटीच्या खांबाला मात्र रंग नसायचा. जमिनीत जाणाऱ्या भागाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचं, जे होडीच्या बुडालाही लावतात. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, पण वाळवी त्या लाकडाच्या वाटेला जात नाही.

हे सगळं करणाऱ्या माणसाला त्या काळी मान होता. घाटावर कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ‘बाबूराव पेंटर’ झाले आणि १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. धंदाच आडनाव झाला. आमच्याकडे तेवढी मोठी उडी कोणी मारली नाही. पण वकिलाची पाटी, डॉक्टरची पाटी, शाळेचं नाव, मचव्याचं नाव, दशावताराच्या पेटाऱ्यावरचं नाव, सगळं त्याच मोजक्या हातांतून जायचं.

मग डबाबंद रंग आले. मुंबईत लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स नावानं सुरू झालेला कारखाना पुढे गुडलास आणि नेरोलॅक म्हणून घराघरात पोचला. १९४२ साली गिरगावच्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिला ब्रश घेतलेला पोरगा, गट्टू, दिला. या डब्यांमध्ये जवसाचं नुसतं तेल नव्हतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अल्किड राळ तयार झाली होती, आणि तिच्यात तेल बांधून केलेला इनॅमल रंग लवकर वाळायचा, कडक व्हायचा आणि चमकायचा. त्या चमकेनं गिऱ्हाईक वेडं झालं. पाटीत आपलं तोंड दिसलं पाहिजे, ही मागणी मी स्वतः ऐकलेली आहे. इनॅमलच्या जमिनीवर इनॅमलचीच अक्षरं, दोन्ही रंग एकाच जातीचे, एकमेकांत मुरायचे. सुतळीला खडू लावून रेघ मारायची, काठीवर मनगट टेकायचं, आणि खारीच्या केसांच्या ब्रशनं शिरोरेषा एका दमात ओढायची.

पांढऱ्याचंही याच काळात बदललं. विषारी शिशाच्या जागी टायटॅनियम आलं. तिरुवनंतपुरमला त्रावणकोर टायटॅनियमचा कारखाना १९४६ साली स्थापन झाला, आणि पुढे देशी पांढरा रंग त्याच्यावर चालू लागला. तिथं होतं ते टायटॅनियम ॲनाटेज जातीचं. दिसायला शुभ्र, पण उन्हात त्याच्या भोवतीची राळ जळून जाते आणि पृष्ठभागावर भुकटी उरते. पाटीवरून बोट फिरवा, बोट पांढरं होतं. आम्ही म्हणतो रंग खडूवर आला. दुसरी जात रुटाइल, ती उन्हाला जास्त टिकते. ती आपल्याकडे केरळातल्याच चवऱ्याच्या कारखान्यात १९८० च्या दशकात निघू लागली. स्वस्तातला पांढरा घेतलेल्या पाट्या म्हणून लवकर खडूवर यायच्या. हाताच्या अक्षरांच्या काळात याचं कोणाला फार वाईट वाटलं नाही. भुकटीबरोबर मळ धुऊन जायचा, पाटी पावसानंतर उजळ दिसायची, आणि दोन-तीन वर्षांनी पेंटरला परत बोलावून अक्षरं उजळून घेणं ही रीतच होती. धंदा त्यावर चालायचा.

विनाइलनं नेमकी ही रीत मोडली.

त्याची पाळंमुळंही जुनी आहेत. पीव्हीसी, म्हणजे विनाइलचं प्लास्टिक, मऊ करायची युक्ती ओहायोतल्या अ‍ॅक्रनला वॉल्डो सेमन यांना १९२६ साली सापडली. मागे गोंद असलेली, कागदावरून सोलून चिकटवायची पट्टी स्टँटन ॲव्हरी यांनी १९३५ साली बाजारात आणली. या दोघांची गाठ घालून अक्षरं आपोआप कापणारं यंत्र जर्बर कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काढलं, आणि पाहता पाहता तिकडचे पेंटर हातातला ब्रश ठेवून पात्याच्या मागे बसले. आपल्याकडे पोचायला वेळ लागला, कारण यंत्राला देवनागरी यायला हवी होती. पुण्यात सी-डॅक १९८८ साली सुरू झालं, त्यांचं देवनागरी लिहिणारं जिस्ट, पुढे मॉड्युलरची श्रीलिपी, त्यातली अक्षरं कोरल ड्रॉमध्ये, आणि तिथून प्लॉटरमध्ये, म्हणजे कापायच्या यंत्रात. कोकणात हे पहिल्यांदा आलं ते गाड्यांच्या नंबरप्लेटवर. गावात विनाइलला आजही रेडियमच म्हणतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि समुद्रकाठाला न्याहारी-निवासाच्या पाट्या एकामागून एक उभ्या राहिल्या. फ्लेक्स स्वस्त होता, पण पाहुण्यांना ‘गावचं’ काही बघायचं होतं. म्हणून लाकडाची पाटी परत आली, फक्त अक्षरं रेडियमची.

पहिली काही वर्षं या पाट्यांनी मालकांना रडवलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं मला बोलावून दाखवलेली पाटी अजून डोळ्यांपुढे आहे. गर्द हिरवा चकचकीत इनॅमल, त्यावर पांढरी अक्षरं, ठेकेदारानं संध्याकाळी रंगवून दुसऱ्या दिवशी चिकटवलेली. एप्रिलच्या उन्हात प्रत्येक अक्षराच्या पोटात फुगे आले होते. टाचणीनं फोडले की आत थिनरचा वास. रंग वरून कोरडा झाला होता, पोटातून ओला होता. त्यातून निघणारी वाफ हवेत जायची ती विनाइलखाली अडकली. मामांचं जुनं वाक्य मालवणीतलं होतं, “हाताक लागणा नाय म्हणान रंग सुकलो असा समजू नको.” हातानं अक्षरं लिहिणाऱ्याला या वाक्याकडे दुर्लक्ष करून चालत होतं, कारण ब्रशचं अक्षर वाफ जाऊ देतं. विनाइलचं अक्षर म्हणजे प्लास्टिक, ते काही जाऊ देत नाही.

दुसरा रोग याच्या उलट, जुन्या पाट्यांचा. चांगली पिकलेली, पाच-सहा वर्षांची इनॅमलची जमीन बघून लोक म्हणत, रंग पक्का आहे, फक्त अक्षरं लावा. अक्षरं पहिल्या पावसात गळून खाली. गळलेलं अक्षर उलटं करून बघा: गोंद शाबूत असतो, त्याच्यावर सगळीकडे बारीक भुकटी बसलेली असते. गोंद पाटीला चिकटलेलाच नसतो, खडूला चिकटलेला असतो. आणि मराठीत सगळ्यात आधी कोण गळतं, तर अनुस्वार. एवढंसं टिंब, त्याच्या मागे गोंद तो किती. ‘हापूस आंबे मिळतील’ची ‘हापूस आबे मिळतील’ झालेली पाटी मी वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर एका हंगामात पाहिली आहे. त्यानंतर नंबर अक्षराच्या उभ्या दंडाचा. पाटी दोन फळ्या जोडून केलेली असली तर लाकूड आडव्या रेषांच्या आरपार फुगतं आणि आकसतं, म्हणजे वर-खाली. शिरोरेषा रेषांबरोबर धावते, तिला काही होत नाही. उभा दंड मात्र सांध्यावरून जातो आणि सांध्यावरच फाटतो.

तिसरा रोग नवा, आणि तो ओळखायला सगळ्यांत अवघड. भिंतींसाठी धूळ न बसणारे, डाग सहज पुसले जाणारे बाहेरचे रंग निघाले. पाटीला तेच लावलं की काम झालं, असं वाटणं साहजिक. पण धूळ जिथं बसत नाही तिथं गोंदही बसत नाही. त्या रंगात पृष्ठभाग निसरडा करणारी द्रव्यं असतात. पाणी त्यावरून गोळ्या होऊन घरंगळतं, आणि विनाइल नखाच्या एका धक्क्यानं सालासारखं निघतं. डब्यावरची जाहिरात जितकी मोठी, तितका तो रंग अक्षराखाली नालायक, असं मी दुकानात बोलून दाखवलं की दुकानदार नाराज होतो.

मग पाटीला लावायचं काय? उत्तर ज्या डब्यात होतं त्याला आमच्या पिढीनं कधी पाटीचा रंग मानलंच नव्हतं. तो म्हणजे पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक. अमेरिकेत रोम अँड हास कंपनीनं १९५३ साली पूर्ण ॲक्रिलिकचं पहिलं इमल्शन रंगांसाठी विकायला काढलं. आपल्याकडे ते भिंतीवर आलं, आणि पेंटर मंडळींनी त्याला भिंतीवरच ठेवलं. पाण्यानं ब्रश धुता येतो तो कसला रंग, असा त्यांचा हिशेब. पण विनाइलच्या दृष्टीनं त्याच्यात जे जे हवं ते आहे. तो ताणतो, त्यामुळे लाकूड फुगलं तरी तडकत नाही. आतली ओल हळूहळू बाहेर जाऊ देतो, त्यामुळे पापुद्रे सुटत नाहीत. उन्हात खडूवर यायला इनॅमलपेक्षा कितीतरी जास्त वर्षं घेतो. आणि त्याच्यात थिनर नसल्यामुळे पिकलेल्या जमिनीवर फुगे येत नाहीत. घ्यायचा तो बाहेरचा, शंभर टक्के ॲक्रिलिक, आणि चमक मधली, म्हणजे सॅटिन. अगदी मॅट घेतला तर पृष्ठभाग बारीक खडबडीत राहतो आणि गोंद टोकांवरच टेकतो. फार चकचकीत घेतला तर लाकडातली प्रत्येक खाच दिसते.

बाकीचं सगळं मात्र मामांच्या काळातलंच आहे. सागवानाला जातीचंच तेल असतं, म्हणून रंगवण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचं. फणसाची फळी असेल तर जास्त सांभाळायचं, कारण फणसाचा पिवळा पांढऱ्या रंगातून वर झिरपतो. तिथं चितारआळीचा चपडा परत बाहेर काढायचा, पातळ हात द्यायचा, मग अस्तर. लांबी बाहेरची, पाण्यानं न फुगणारी. रंगाचे दोन-तीन हात बारीक स्पंजच्या रोलरनं, मध्ये तीनशेवीस नंबरचा कागद हलक्या हातानं. कडा आणि पाठ विसरायची नाही. मग थांबायचं. ॲक्रिलिक तासाभरात हाताला लागत नाही, पण अक्षरं लावायची तर कोरड्या हवेत किमान आठवडा, दमट हवेत दोन. म्हणून पाट्यांचं काम दसऱ्यानंतर घ्यायचं, आषाढात घ्यायचं नाही. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, एका कोपऱ्यात चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. पट्टीवर रंग किंवा भुकटी आली तर पाटी तयार नाही.

जमिनीच्या रंगातही अक्षराचं नशीब असतं. काळा, गर्द तपकिरी, गर्द हिरवा हे उन्हात भयंकर तापतात, आणि स्वस्तातलं विनाइल तापलं की आकसतं. अक्षराच्या कडेला गोंदाची मळकी रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते. जंगलखात्याच्या पाट्यांसारखी पिवळी अक्षरं गर्द जमिनीवर हवीच असतील, तर विनाइल न आकसणारं महागातलं घ्यावं किंवा अक्षरं हातानं लिहावीत. हे दुसरं सांगताना माझा स्वार्थ असतो, पण सल्ला खोटा नसतो.

जुनी पाटी सोलताना एक सावधगिरी. मामांच्या काळातल्या रंगात शिसं आहे, आणि पिवळ्या-नारिंगी इनॅमलमध्येही ते बराच काळ होतं. घरगुती रंगांत ते वजनाच्या दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा त्याआधीची पाटी कोरडी घासायची नाही. पाणी मारून घासायची, पोराबाळांना लांब ठेवायचं, आणि निघालेला चोथा विहिरीकडच्या बाजूला टाकायचा नाही.

२०२३ साली सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर प्लॉटर रात्रंदिवस चालले. देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये, असा नियम असल्यानं जुन्या पाट्यांवर घाईघाईनं मोठी अक्षरं चढली. कशावर चढली याची चौकशी कोणी केली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या कित्येक अनुस्वारांची काय गत झाली असेल, ते मी न बघता सांगू शकतो.

अक्षर आता कोणीही काढतं. शहरातून फाइल येते, मुलगा बटण दाबतो, दहा मिनिटांत नाव कापून मिळतं, आणि वळणंही बरी असतात. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण यंत्रानं जे काम घेतलं ते पाटीचं वरचं काम. खालचं त्याला येत नाही, आणि खालचं बिघडलं की वरचं टिकत नाही, हे आता गिऱ्हाइकांना स्वतःच्या खर्चानं कळलेलं आहे. मामा बिल करायचे ते अक्षरांच्या हिशेबानं, दर अक्षराला इतके. जमीन त्यातच धरलेली, फुकटात. माझ्या बिलात अक्षरांची ओळ शेवटी असते आणि आकडा लहान असतो. वरच्या ओळी लाकूड पुसण्याच्या, अस्तराच्या, रंगाच्या हातांच्या, आणि वाट बघण्याच्या. वाट बघण्याचे पैसे कशाला, असं जो विचारतो, त्याला मी फ्लेक्सवाल्याचा नंबर देतो.